हौद्याखालचा सिलिंडर सरकला: नवी मुंबईतल्या एका छोट्या टेम्पोचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाड्यांच्या मालकांचं नाव देत नाही, त्यांना सगळे शेठ म्हणतात म्हणून इथेही शेठच. कोपरखैरणेच्या बाजूचे आहेत, सात छोटे चारचाकी टेम्पो आहेत त्यांचे, काही वाशीच्या एपीएमसीतून भाजी उचलतात आणि तीन गाड्या रात्री भाऊच्या धक्क्यावर जाऊन मासळी घेऊन पहाटे नवी मुंबईतल्या मार्केटांना टाकतात. गाड्या घेतल्या तेव्हा पेट्रोलच्या, नंतर पाच गाड्यांना बाहेरून सीएनजी किट बसवलं, आरसीवर नोंद वगैरे सगळं रीतसर, त्यात काही गडबड नव्हती.

हौद्यातली जागा जाऊ नये म्हणून सिलिंडर खाली लावलेले. एक मोठा, साठ लिटरचा, डाव्या बाजूला चासीच्या बाहेरून गाडीच्या लांबीत, आणि एक छोटा मागच्या अॅक्सलच्या पाठीमागे आडवा. हे लांबीत आणि आडवा नीट लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ त्यावरच आहे.

माझं रबाळे एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं शॉप आहे, त्याआधी काही वर्षं गाड्यांच्या चासी-ब्रॅकेटच्या डिझाइनमधे गेलेली, म्हणून शेठनी मला बोलावलं. बोलावलं ते खरं तर इन्शुरन्सवाल्याला सांगायला की बोल्ट खराब होते. बोल्ट खराब नव्हतेच.

काय झालं

मार्चमधली गोष्ट, पहाटेची वेळ, ठाणे-बेलापूर रोडवर घणसोलीच्या आसपास एक डंपर बाजूला बंद पडलेला, मागे ना दिवा ना दगड ना फांदी, आणि मासळीची गाडी त्याच्या मागच्या कोपऱ्यावर जाऊन आदळली. ड्रायव्हरने ब्रेक मारलेला, आदळताना वेग साधारण चाळीस असेल. बेल्ट लावलेला होता म्हणून गुडघ्याला मार आणि कपाळाला खोक, एवढ्यावर निभावलं. त्याला विचारलं तर म्हणाला, "खालून धाडकन आवाज आला, मना वाटला टायरच निखलला."

टायर नव्हता, तो मोठा सिलिंडर होता. जागेवरून निघून वीतभर पुढे गेला आणि चासीच्या आडव्या पट्टीला जाऊन टेकला. हाय प्रेशरची नळी वाकली पण तुटली नाही, कारण व्हॉल्व्हजवळ नळीला जो गोल वेढा देतात, ज्याला फिटर लोक पिगटेल म्हणतात, तो उलगडला आणि त्याने तेवढी लांबी दिली. गॅस सुटला नाही. क्लीनर पोरगा हुशार, उतरून त्याने आधी सिलिंडरचा हँड व्हॉल्व्ह बंद केला आणि मग फोन लावला. मागचा आडवा सिलिंडर जिथल्या तिथे, पट्टासुद्धा हलला नव्हता.

आता हा अपघात भारी होता का, तर नाही. चाळीसच्या वेगाने गाडी साठ सेंटिमीटर चेपून थांबली असं धरलं तर सरासरी धक्का दहा जीच्या थोडा वर येतो, म्हणजे प्रत्येक वस्तू क्षणभर स्वतःच्या वजनाच्या दहापट जोराने पुढे जायला बघते. मोठा सिलिंडर, आतला दहाएक किलो गॅस, व्हॉल्व्ह, सगळं मिळून पाऊणशे किलो धरा, म्हणजे पाऊण टनाचा धक्का. सीएनजी गाड्यांसाठीचा यूएन आर ११० हा जो आंतरराष्ट्रीय नियम आहे त्यात साडेतीन टनांपर्यंतच्या मालगाडीचा भरलेला सिलिंडर गाडीच्या दिशेने २० जी आणि आडव्या दिशेने ८ जी सहन करून जागेवर राहिला पाहिजे असं आहे. बारा टनांवरच्या ट्रकला तोच आकडा ६.६ आणि ५ आहे, कारण जड गाडी सहसा एवढी झटक्यात थांबत नाही. म्हणजे छोट्या टेम्पोचा सिलिंडर ट्रकच्या सिलिंडरपेक्षा तिप्पट घट्ट पाहिजे, आणि लोक नेमकं उलटं धरून चालतात, छोटी गाडी आहे, काय होतंय.

२० जीला दीड टन होतो. आपला सिलिंडर त्याच्या निम्म्यावरच निघाला.

गाडी वर घेतल्यावर

सिलिंडरमधला गॅस किटवाल्याने रिकामा केला, मग गाडी शॉपला आणून वर घेतली आणि खाली टॉर्च घेऊन झोपलो. पहिली गोष्ट, बोल्ट चारही शाबूत. डोक्यावर ८.८ वगैरे मजबुतीच्या ग्रेडचा काही छाप नाही, म्हणजे बाजारातले साधे, पण साधा दहा एमएमचा बोल्टही ताणून तोडायला दोन टनांच्या वर लागतात आणि ८.८ चा असेल तर साडेचारच्या वर. चार बोल्ट असताना पाऊण टनाला त्यांचं काहीच वाकडं होणार नव्हतं. चारपैकी दोन तर वायसरसकट बाहेर आले होते आणि वायसरला पत्र्याची गोल चकती तशीच चिकटलेली. फाटला तो पत्रा.

ही चकती हातात घेऊन बघण्यासारखी होती. कडेचा निम्म्याहून जास्त भाग काळपट तपकिरी, गंज चढलेला, आणि उरलेला तुकडा चकचकीत. चकचकीत म्हणजे त्या पहाटे फाटलेला, तपकिरी म्हणजे कित्येक महिने आधीच तडकून बसलेला. अपघाताने फक्त उरलेलं काम पूर्ण केलं.

आता तडा का गेला. पाळण्याचे, म्हणजे सिलिंडर ज्यात बसतो त्या क्रेडलचे दोन पाय चासीला होते आणि दोन पाय हौद्याच्या खालच्या आडव्या पट्टीला, दीड-पावणेदोन एमएमचा पत्रा तो. हौदा चासीवर यू बोल्टने बसतो, मधे रबर किंवा लाकूड असतं, आणि तो हलायलाच पाहिजे, खड्ड्यात चासी पिळते तेव्हा हौदा थोडा सरकतो म्हणून तर बिचारा टिकतो. पण क्रेडल दोघांनाही बांधलं की चासी आणि हौद्यातली ती रोजची ओढाताण क्रेडलच्या पायांवर येते. उरणफाट्यापासून शिळफाट्यापर्यंत आपले रस्ते काय आहेत ते सांगायला नको. त्यात ही मासळीची गाडी, बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटीतून नेमकं त्याच पट्टीवर टपकत होतं, बोट लावलं की पापुद्रे निघत होते.

दुसरी गोष्ट पट्ट्यांची. सिलिंडरला दोन लोखंडी पट्टे, आत रबर पाहिजे. एका पट्ट्याखाली रबर होतं, दुसऱ्याखाली कोणीतरी टायरच्या ट्यूबचा तुकडा कापून सरकवलेला. ट्यूब पातळ, दबली, पट्टा ढिला. आणि इथे तो लांबीत-आडव्याचा मुद्दा. आडवा सिलिंडर पुढे जायला लागला तर त्याला आख्खा पट्टा पोटाशी अडवतो, पट्टा तुटल्याशिवाय तो जात नाही. लांबीत लावलेला सिलिंडर पट्ट्याच्या आतून सरळ सरकून निघतो, ओल्या हातातून साबणाची वडी निसटते तसा, त्याला धरून ठेवणारं फक्त घर्षण, आणि घर्षण पट्टा किती आवळलाय त्यावर. पुढे अडवायला स्टॉपर काहीच नाही. म्हणजे दीड टन नुसत्या घर्षणावर आणि ते घर्षण ट्यूबच्या तुकड्यावर.

ट्यूब कुठून आली ते कळायला वेळ लागला नाही. सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रोटेस्ट, म्हणजे पाणी भरून दाबाखाली तपासणी, करावी लागते, त्यासाठी सिलिंडर उतरवतात, टेस्टला पाठवतात, परत बसवतात. ह्या गाडीची टेस्ट झाली होती, प्लेटवर तारीख व्यवस्थित, सर्टिफिकेट व्यवस्थित. पण ती टेस्ट सिलिंडरची असते. क्रेडल, पट्टा, रबर, बोल्ट ह्यांना कोणी टेस्ट केलेलं नसतं, ते उतरवणारा पोरगा संध्याकाळी जे हाताला लागेल त्याने परत बांधतो. कागदावर गाडी नवीकोरी सुरक्षित, आणि खरं तर त्याच दिवशी ती आधीपेक्षा जास्त धोक्याची झाली.

काय काय पर्याय होते

शेठचं पहिलं म्हणणं, "भाऊ, वेल्डिंग मारून टाक ना चासीला, विषयच संपला." हे इतक्या लोकांकडून ऐकलंय की थोडं सविस्तर लिहितो. एक तर सिलिंडर जागेवर असताना जवळपास वेल्डिंगचा आर्क चालवायचाच नाही, आणि सिलिंडरला स्वतःला तर कधीच नाही, उष्णतेने त्याच्या पोलादाचा कस जातो. दुसरं, चासीला जिथे वेल्ड संपतो तिथेच पुढे तडा सुरू होतो, गाडी बनवणाऱ्या कंपन्या बॉडीबिल्डरना जी पुस्तिका देतात त्यात चासीच्या वरच्या-खालच्या फ्लँजला, म्हणजे सपाट कडांना, भोक पाडू नका, वेल्ड करू नका असं म्हणूनच असतं, भोक लागलंच तर उभ्या भागात. तिसरं, तीन वर्षांनी हायड्रोटेस्टला पाळणा काढायची वेळ आली तर गॅस कटर चालवणार का?

दुसरा पर्याय सिलिंडर वर हौद्यात, केबिनच्या मागे. खालच्या चिखल-पाण्यातून, दगडातून सुटका. पण वजन वर गेलं की वळणावर गाडी जास्त झुकते, क्रेटची एक रांग जाते, आणि सिलिंडर ड्रायव्हरच्या पाठीशी येतो, तिथे बांधणीत कसर राहिली तर पुढे माणूसच आहे. शेठनी क्रेटची रांग ऐकूनच मान हलवली, माझं कारण वेगळं होतं पण उत्तर एकच.

तिसरा, सीएनजी काढून कायमचं पेट्रोल. हिशोबात बसत नव्हतं. चौथा, गाड्या विकून कंपनी फिटेड सीएनजी घ्यायच्या, जिथे सिलिंडरची जागा चासीबरोबरच ठरवलेली असते. तांत्रिक बाजूने मला हाच सगळ्यात पटणारा, पण पाच गाड्यांचं कर्ज एकदम कोण काढणार. पाचवा, आहे ती जागा ठेवायची पण बांधणी मुळातून बदलायची.

खरा निर्णय मात्र बाकीच्या चार गाड्यांचा होता, त्या उद्या सकाळी रस्त्यावर जाणार की नाही. शेठचं म्हणणं, एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा गाड्या उभ्याच राहणार, काम तेव्हा करू. धंद्याच्या दृष्टीने बरोबर. पण मधे दोन-अडीच महिने होते आणि बाकीच्या दोन मासळीच्या गाड्यांखाली तोच पत्रा, तेच खारं पाणी. मी म्हटलं, शेठ, हातोडी घेऊन या, आपण दोघं खाली जाऊ आणि मग तुम्हीच ठरवा. एका गाडीच्या पट्टीवर हातोडीने टक् केलं तर खण्ण आवाज यायच्या ऐवजी भदभद आवाज आला आणि पापुद्रा शेठच्या शर्टवर पडला. त्यानंतर जूनचा विषय निघाला नाही.

मधला मार्ग समोरच होता आणि गंमत म्हणजे तो कोणाच्या डोक्यात आला नव्हता, मूळ गाड्या पेट्रोलच्या आहेत, पेट्रोलची टाकी जागेवर आहे, दोन्ही मासळीच्या गाड्यांचे सिलिंडर किटवाल्याकडून उतरवून, नळ्यांना रीतसर बूच मारून, जूनपर्यंत त्या पेट्रोलवर पळवायच्या. खर्च वाढला, शेठ कुरकुरले, पण गाड्या बंद पडल्या नाहीत. भाजीच्या दोन गाड्या कोरड्या होत्या, तडा नव्हता, पट्ट्याचं रबर बदलून आणि आवळून त्या चालू ठेवल्या. ह्या दोनबद्दल माझं मत आजही दुहेरी आहे, क्रेडल त्यांचंही हौदा आणि चासी दोघांना बांधलेलं होतं, तडा दिसत नाही म्हणजे तडा नाही असं होत नाही. निदान रंग खरवडून डाय पेनेट्रंट, म्हणजे बारीक तड्यात शिरून तो दाखवणारा रंग, मारून बघायला हवं होतं, दोन स्प्रेचे डबे आणि अर्ध्या तासाचं काम.

काय केलं

क्रेडल माझ्या शॉपमधे बनवायचं नाही हे आधीच ठरवलं. गॅस किट मंजूर झालेलं असतं, बसवणारा अधिकृत असतो, मी उद्या मजबूत पाळणा बनवून दिला आणि काही झालं तर तो कोणाच्या जबाबदारीत बसतो? म्हणून मी फक्त काय काय पाहिजे ते एका कागदावर लिहून दिलं आणि शेठ तो कागद घेऊन किट बनवणाऱ्यांच्या माणसाकडे गेले. तो आधी वैतागला, मग फोटो बघून गप्प बसला.

कागदात होतं ते असं. पाळण्याचे चारही पाय चासीलाच, हौद्याला एकही नाही, आणि मधे एवढी फट की हौदा हलला तरी सिलिंडरला लागणार नाही. भोकं चासीच्या उभ्या भागात, आणि शक्यतो कंपनीनेच पाडलेली असतात ती वापरायची. बोल्ट बारा एमएम ८.८, वायसरच्या जागी मागे पाच एमएमची प्लेट, म्हणजे ओढ एका छोट्या गोलावर न येता हाताच्या तळव्याएवढ्या जागेवर पसरेल. नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, सहज न सुटणारा, तो टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने, आवळून नटपासून चासीपर्यंत पिवळ्या पेंटची रेघ, रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय हे अडाण्यालाही कळतं. लांबीतल्या सिलिंडरला पुढे आणि मागे दोन्हीकडे खांद्याशी टेकणारे रबर लावलेले स्टॉपर, व्हॉल्व्हला किंवा मानेला अजिबात न लागणारे. लोखंडाला लोखंड कुठेच नाही. सायलेन्सरपासून चार बोटांहून जास्त अंतर, आर ११० मधे ते १०० एमएम आहे, नाहीतर मधे पत्रा. जमिनीपासून २०० एमएमच्या खाली काही लोंबायचं नाही. गॅस भरून दोन-चार दिवस चालवल्यावर पट्टे परत तपासायचे, कारण नवं रबर थोडं दबतंच.

स्टॉपरवर किटवाल्याशी वाद झाला. त्याचं म्हणणं पट्टे घट्ट असले की स्टॉपरची गरज नाही, हजारो गाड्या तशाच चालतात. म्हणून शॉपमधे एक प्रयोग केला, अपघाताच्या गाडीचा जुना पाळणा आणि बाद केलेला रिकामा सिलिंडर चासीच्या तुकड्यावर बांधला, चेन कुप्पी म्हणजे साखळीची कप्पी लावली, मधे क्रेनचा वजनकाटा, आणि पुढच्या दिशेने ओढत गेलो. पट्टे नव्या रबरावर नीट आवळलेले असूनही पाचशे किलोच्या आसपास सिलिंडर सरकायला लागला. नंतर स्टॉपर लावून तोच प्रकार केला, सिलिंडर जागेवर राहिला पण हौद्याच्या पट्टीवरचे पाय फाटले. मग नवा पाळणा, चारही पाय चासीवर, दीड टनाला दोन-तीन एमएम वाकला आणि धरून राहिला. हळूहळू ओढणं म्हणजे अपघात नव्हे, अपघातात सगळं एका सेकंदाच्या दहाव्या भागात होतं, पण कमजोर जागा कुठली हे असं ओढून दिसतं. किटवाल्याने स्टॉपर मान्य केला. स्टॉपरशिवाय बाकीचं सगळं करून आम्ही फसलो असतो हे मला त्या दिवशी जास्त स्पष्ट झालं.

मासळीच्या गाड्यांना वेगळं काम, हौद्याच्या फटी बंद करून तळाला उतार आणि एका कोपऱ्यात पाइप, पाणी मागच्या चाकाच्या पलीकडे सोडलं. गंजलेल्या पट्ट्या कापून नव्या घातल्या, खरवडून झिंक प्रायमर मारला. ह्या पाइपचा खर्च सगळ्यात कमी होता.

निकाल

अपघाताची गाडी इन्शुरन्समधे गेली. पाचपैकी एक भाजीची गाडी जुनी होती, तिच्यावर पैसे घालण्यापेक्षा शेठनी ती काढून कंपनी फिटेड सीएनजी घेतली. उरलेल्या तीन गाड्यांचं काम जूनमधे झालं. पाऊस संपल्यावर तिन्ही परत वर घेतल्या, पिवळ्या रेघा दोन गाड्यांच्या जागेवर, तिसरीची एक तुटलेली, उघडून बघितलं तर प्लेट आणि चासीमधे जुन्या रंगाचा जाड थर राहिलेला, तो दबला आणि नट ढिला झाला. रंग काढून परत आवळला. ही गोष्ट रेघेमुळे दिसली, नाहीतर हात लावूनही कळली नसती.

ड्रायव्हर लोकांना महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन खाली वाकायला लावलंय, फोटो ग्रुपवर टाकायचा. पहिले दोन महिने आले, मग क्लीनर पोरगाच काय तो टाकतो.

वेगळं काय करता आलं असतं

किट बसवताना शेठ स्वतः एकदा खाली वाकले असते आणि पाय कुठे कुठे बांधलेत एवढंच विचारलं असतं तर अर्धा प्रश्न तिथेच पकडता आला असता, हे बघायला इंजिनिअर लागत नाही. हायड्रोटेस्टच्या आधी आणि नंतर पाळण्याचे चार फोटो असते तर ट्यूबचा तुकडा त्याच दिवशी दिसला असता. आणि अपघातानंतर बाकीच्या चारही गाड्या त्याच दिवशी वर घ्यायला हव्या होत्या, प्रत्यक्षात त्यात आठवडा गेला, इन्शुरन्सचे कागद गोळा करण्यात, आणि त्या आठवड्यात दोन मासळीच्या गाड्या रोज रात्री वाशीच्या पुलावरून जात-येत होत्या.

हायड्रोटेस्टचं मात्र अजून सुटलेलं नाही. शेठनी एक छापील फॉर्म बनवलाय, सिलिंडर परत बसवणाऱ्याने रबर नवं घातलं का, टॉर्क किती, रेघ मारली का हे भरून सही करायची. त्यांचं नेहमीचं सेंटर म्हणतं आम्ही सिलिंडरची सही देतो, बसवण्याची देणार नाही. किटवाला म्हणतो माझ्याकडे बसवायला आणा, पण वेगळे पैसे पडतील. पुढच्या वर्षी एका गाडीची तारीख येतेय, शेठ सध्या तळोज्याकडे दुसरं सेंटर बघतायत, आणि नाहीच मिळालं तर किटवाल्याचे वेगळे पैसे देणार असं म्हणालेत.